गाठ न मारलेली शिवण

देवरावभाऊ, पहिल्या ओळीतच सांगून टाकतो, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुख्य ते पुन्हा राहून जाईल. अहेरीकडच्या रस्त्यावर, नाल्याच्या अलीकडे जी शिवण उसवली, ती तुमची नव्हती. ती मी मारली होती.

तुमच्या तेरवीला मी हे बोललो. पण बोलताना अर्धं गिळलं, म्हणून आता लिहून काढतोय. मला बोलायची सवय नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? सगळ्या गँगसमोर तुम्ही म्हणायचात, "सायबाच्या तोंडाले कुलूप आहे, अन् चाबी घरी ठेवून येते."

हे वाचणाऱ्यांना आपलं काम माहीत नसेल. त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा ऐकावं लागेल, तेवढं सोसून घ्या.

आपल्याकडे धानाच्या बांधीतून रस्ता काढायचा म्हणजे खाली नुसता चिखल. वर कितीही मुरूम टाका, माती तो गिळते. म्हणून आधी जमिनीवर एक जाड, पांढरं कापड अंथरतात, आणि मग त्यावर मुरूम. मुरूम वर राहतो, चिखल खाली राहतो, पाणी मधून निघून जातं. हे कापड गुंडाळीत येतं आणि त्याचा पन्हा रस्त्याला पुरत नाही. मग दोन पट्टे जोडून शिवायचे. शिवायची मशीन हातात धरायची, राइस मिलमध्ये तांदळाच्या पोत्याचं तोंड शिवतात तसली. म्हणूनच तर मी, साइटचा सुपरवायझर, राइस मिलमध्ये माणूस शोधायला गेलो होतो. बाहेरून आणलेला शिवणारा दोन दिवसांत ऊन लागून परत गेला होता आणि कापड बांधीत लोळत पडलं होतं.

सिंदेवाहीजवळच्या त्या मिलच्या फाटकाशी तुम्ही जेवणाच्या सुट्टीत मासोळीचं जाळं मांडीवर घेऊन बसला होतात. तलावाला पाणी असेल तेव्हा मासे, नसेल तेव्हा मिल.

"पोती तुम्हीच शिवता का?" मी विचारलं.

"पोते शिवतो, जाळं शिवतो, बायको रागावली तं फाटका सदराबी शिवतो. तुमाले काय शिवाचं आहे?"

"रस्ता."

तुम्ही जाळं खाली ठेवलंत आणि माझ्या जवळ तोंड आणून वास घेतलात. "पिऊन तं नाई आले ना जी?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. शेजारच्या बांधीत लाखोळीचं पीक उपटणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यातली एक ओरडली, "काऊन जी देवरावभाऊ, रस्त्याले लुगडं नेसवून राह्यले का?" तुम्ही मशीन न थांबवता म्हणालात, "लगन आहे त्याचं. नवरदेव तिकडून येऊन राह्यला, पाहा." तिकडून रोलर येत होता. त्या हसण्यात आपला पहिला दिवस निघाला. तोवर त्या साइटवर मी कोणाला हसताना पाहिलं नव्हतं.

दोन्ही पट्ट्यांच्या कडा हात जोडल्यासारख्या उभ्या धरायच्या आणि त्यांच्यावरून मशीन न्यायची. कापड पांढरं, दोरा लाल. शिवण वरच्या अंगाला. असं का, म्हणून तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, तपासणाऱ्याला प्रत्येक टाका उभ्या उभ्या दिसला पाहिजे, मुरूम पडल्यावर काही दिसत नाही. तुम्हाला ते फार आवडलं. "बरं आहे. लपवाचं कामच नाई." नंतर प्रत्येक नव्या माणसाला तुम्ही हे स्वतःचा नियम असल्यासारखं सांगायचात.

आपलं भांडण होतं ते शिवणीच्या शेवटाचं. या मशीनचा टाका साखळीचा. तांदळाचं पोतं उघडताना दोऱ्याचं नेमकं टोक हाती लागलं की एका ओढीत सर्रकन सगळं तोंड मोकळं होतं, आपल्याकडे घराघरात माहीत आहे हे. पोत्याला ते सोयीचं. रस्त्याला नाही. म्हणून तुम्ही प्रत्येक शिवण संपली की मशीन बंद करायचात, खाली बसायचात, दोऱ्याचं टोक शेवटच्या फासातून ओवून तीन टाके मागे न्यायचात आणि तिथे जाळ्याची गाठ मारायचात. मग दातानं तोडायचात. दाताखाली दोरा जरा पिंजायचा, तुमच्या शिवणीचं टोक त्यावरून ओळखू यायचं. एका शिवणीला यात किती वेळ जावा? दोन मिनिटं. पण मुरमाचे टिप्पर रांगेत घुरघुरत उभे असले की मला ती दोन मिनिटं सोसत नसत.

"देवरावभाऊ, यावर हातभर मुरूम पडणार. त्याच्याखाली येऊन ओढणार कोण?"

"जाळं पाण्यात सोडल्यावर कोन ओढते?"

"मासा ओढतो. रस्त्यात कुठला मासा?"

"तो काय," तुम्ही हनुवटीनं दाखवलंत. भरलेला टिप्पर डुलत डुलत येत होता. "रोह आहे रोह. दिवसभर ओढन."

मला ती गाठ शिकवायची तुमची खूप इच्छा होती. मोहाच्या सावलीत जेवण झालं की माझा हात ओढून बोटांत दोरा द्यायचात. दोन वेढे, एक उलटा, त्यातून टोक. मला जमायचं नाही. "जाऊ द्या, तुमचे बोटं पेनाचे आहेत," म्हणायचात आणि मीही बरं झालं म्हणून सुटायचो. नंतर शिकू, असं मी किमान दहादा म्हणालो असेन.

सिंदेवाहीचं काम संपलं आणि मला अहेरीकडच्या रस्त्यावर पाठवलं, तेव्हा मी तुम्हाला सोबत घेतलं. तोवर मी तुमचा मनोहरभाऊ झालो होतो. "साहेब" तुम्ही फक्त रागावल्यावर म्हणायचात. सकाळी कोणतं संबोधन येतं यावरून मला कळायचं, काल माझं काय चुकलं ते. त्या उन्हाळ्यात मला ऊन लागून मी कापडाच्या गुंडाळीवरच आडवा झालो होतो. तुम्ही उरलेल्या कापडाचा तुकडा नाल्यात भिजवून माझ्या डोक्याला गुंडाळलात, कांदा फोडून तळव्यांना चोळलात. मी शुद्धीवर येऊन ते कापड काढायला लागलो, तर दटावलंत, "राहू द्या. रस्ता टिकवते तं डोकस्क नाई टिकवन का?" डब्यातल्या मरळ माशाचं डोकं तुम्ही नेहमी मला काढून द्यायचात, पाहुण्याचा मान म्हणून. माझ्या घरीही माझा असा मान कोणी ठेवलेला नाही.

आता तो दिवस.

दुपारी गावाहून फोन आला. तुमच्या घरच्या, सिंधुबाई, तलावाच्या पाळीवरून घसरल्या होत्या, पाय मोडला होता. तुम्ही जागच्या जागी मशीन ठेवलीत. नाल्याजवळची एकच शिवण बाकी होती, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. निघताना मागे वळून म्हणालात, "मनोहरभाऊ, तेवढी ठेवा. उद्या येतोच मी. त्याच्यावर मुरूम नका टाकू." मी हो म्हणालो.

तासाभरात इंजिनिअरचा फोन आला, दुसऱ्या दिवशी वरचे लोक पाहणीला येणार, काम नाल्यापर्यंत गेलेलं दिसलं पाहिजे. तो तुकडा सोडून बाकीचं दाखवता आलं असतं. एका शिवणीसाठी कोणी जीव घेत नव्हतं. पण मी दोन वर्षं तुमच्या बाजूला उभा राहून बघत होतो आणि बघून आपल्याला येतं असं मला वाटायला लागलं होतं. मी मशीन उचलली. मोठ्या ऐटीत उचलली, हेही सांगतो. दोन माणसांनी कडा धरल्या. शिवण सरळ आली. लाल रेघ पाहून मला मनातून आनंद झाला. शेवटाला आलो. खाली बसलो नाही. टोक दोन बोटं लांब ठेवून ब्लेडनं कापलं आणि टिप्परला हात केला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं तुम्ही उतरलात. पाहणी आटोपली होती. सिंधुबाईंचं बोलणं होण्याआधीच तुमची नजर नाल्याकडे गेली.

"तेवढी शिवण?"

"झाली."

"कोनं मारली?"

"झाली ना. तुम्ही पुढचं बघा."

"गाठ मारली?"

"हो, मारली."

कडा धरणारी दोन माणसं सकाळीच दुसऱ्या साइटवर गेली होती. विचारायला तिसरं कोणी नव्हतं. मी ते मनात आधीच बघून ठेवलं होतं.

पावसाळा सरला आणि नाल्याच्या अलीकडे रस्ता बसला. गाडी आली की गचका बसायचा. उकरलं तेव्हा खाली मुरूम आणि चिखल एक झालेला, आणि कापडाचे दोन पट्टे एकमेकांपासून हातभर दूर. एका कडेला टाके शिल्लक होते. मोठ्या इंजिनिअरांनी वाकून लाल दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं. सर्रकन आलं. ते ओढत राहिले, दोरा येत राहिला. बघणाऱ्यांत हशा पिकला.

"कोणाची शिवण ही?"

ग्रेडरचा ड्रायव्हर म्हणाला, "देवरावची. शिवते तोच."

मी तुमच्यापासून चार पावलांवर होतो. तुम्ही वाकलात, दोऱ्याचं टोक उचललंत, चिखल पुसून अंगठ्याखाली घासलंत. ब्लेडनं कापलेलं, सरळ टोक. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. रागानं पाहिलं असतंत तर कदाचित मी बोललो असतो. तुम्ही नुसते थांबला होतात, बसस्टँडवर माणूस येणाऱ्या बसकडे बघतो तसे. मी हातातल्या नकाशाची घडी घातली. नीट झाली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली.

"माह्यावाली गाठ नाई हे," तुम्ही म्हणालात.

"अहो, गाठच नाही, म्हणून तर उसवली!" इंजिनिअर म्हणाले आणि सगळे पुन्हा हसले.

नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते खरं नाही. नोकरी गेली नसती. चार शब्द ऐकावे लागले असते, एवढंच. मी त्या हसण्याला भ्यालो, देवरावभाऊ. जो सगळ्यांच्या शिवणी तपासत फिरला, त्याचीच उसवली म्हणून ते हसतील याला भ्यालो. ते तुमच्यावर हसत होते आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं.

तुम्हाला कोणी काढलं नाही. उद्यापासून शिवायचं काम दुसरा करेल, तुम्ही मुरूम पसरा, एवढंच सांगितलं. त्याच संध्याकाळी तुम्ही पिशवी भरलीत. बसच्या पायरीवर पाय ठेवून म्हणालात, "येतो, साहेब."

पुढचं तुम्ही किती ऐकलं असेल ते मला कळायला मार्ग नाही. त्या रस्त्यावर एक म्हण तयार झाली. काहीही तुटलं, फाटलं, सुटलं की "देवरावची शिवण." एस. टी.चं दार लागेना, देवरावची शिवण. कोणाची सोयरीक मोडली, देवरावची शिवण. अहेरीच्या चहाच्या टपरीवर एका अशा माणसाच्या तोंडून ऐकली, ज्यानं तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. मी दर वेळी खाली बघायचो. आणि एकदा, हे तेरवीला सांगायचा धीर झाला नाही, माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि सगळ्यांसमोर माझ्याच तोंडून ते निघून गेलं. सवयीनं. त्या दिवशी जेवलो नाही म्हणून काही फिटलं नाही.

मग मागच्या वर्षीचा सिंदेवाहीचा बाजार. तुम्ही पळसाच्या पानांवर मरळ आणि झिंगे मांडून बसला होतात. केस पार पिकले होते. मी मागच्या मागे वळणार, तेवढ्यात तुम्ही हाक मारलीत.

"या साहेब. ताजी आहे."

मी समोर उकिडवा बसलो. सिंधुबाईंचा पाय बरा का, तलावाला पाणी कसं, एवढं विचारून झालं.

"आता शिवते कोन?" तुम्ही विचारलंत.

"बाहेरचे आणले आहेत."

"गाठ मारते?"

"नाही."

"सांगा त्याइले." तुम्ही मासळीवर पाणी शिंपडलंत. माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणालात, "काई सांगाचं होतं का?"

माझ्या घशापर्यंत आलं होतं. "देवरावभाऊ, ती..." एवढं म्हणालोही. तेवढ्यात एक बाई येऊन झिंग्यांना बोट लावून घासाघीस करायला लागली. तुम्ही तिच्याकडे वळलात आणि मी उठलो. देवाशपथ सांगतो, ती बाई आल्याचं मला बरं वाटलं. तुम्ही मागून ओरडलात, "साहेब, मरळ राह्यली!" पानात बांधलेली मासळी घ्यायलाही मी परत फिरलो नाही.

तुमच्या मुलीचा, लताचा फोन आला तेव्हा मी साइटवर होतो. सकाळी डोंगा पाण्यात ढकलता ढकलता तुम्ही छाती धरून काठावर बसलात आणि उठला नाहीत, असं ती म्हणाली. नदीच्या पुलावर गाड्या अडलेल्या, मातीला मी पोचलो नाही. तेरवीला आलो. मांडवात तुमच्या गावची माणसं होती, मिलमधले दोघं होते, आणि अहेरीच्या गँगमधले तीन. तो ग्रेडरचा ड्रायव्हरही होता. पंगत बसायच्या आधी मी उभा राहिलो. म्हणालो, "ती शिवण देवरावभाऊची नव्हती. मी मारली होती. मला विचारलं तेव्हा मी बोललो नाही."

वाढप्यानं हातातली बादली खाली ठेवली. सिंधुबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, तेव्हा मोडलेला पाय लांब करून.

"आता सांगून राह्यले, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"मले एवढंच म्हनलं होतं त्यायनं, का शिवन माही नवती. म्या इचारलं, मंग कोनाची? तं म्हने, ज्याची आहे तो सांगल. म्या कितीक भांडलो. तुमी काऊन नाई सांगत? म्हने, म्या सांगतलं तं चुगली होते. त्यानं सांगतलं तं गोष्ट मिटते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "बाजारातून आले त्या दिवशी लगित खुश होते. मले म्हने, मनोहरभाऊ आज सांगतच होता वं, गिऱ्हाईक आलं मधात. पुढच्या बाजारी सांगल."

देवरावभाऊ, तुम्ही मला तोही बहाणा देऊन ठेवला होतात. आणि घरी तुम्ही मला मनोहरभाऊच म्हणत होतात. पुढच्या बाजारी मी आलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तुम्ही दर बाजारी तिथेच बसत होतात, आल्या-गेल्याकडे बघत, असं लता म्हणाली. जागा बदलायची म्हटलं की ऐकत नव्हतात.

"जेवून जा," सिंधुबाई म्हणाल्या. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. पानावर बसलो. घास उतरत नव्हता, पण तुमच्या घरचं पान टाकून उठायचं नाही म्हणून सगळं संपवलं.

परत आल्यावर मोठ्या इंजिनिअरांना सगळं लिहून दिलं. ते म्हणाले, इतक्या जुन्या गोष्टीचं आता काय. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला सगळी गँग उभी होती, तिथेही मी सांगितलं. ऐकून ते फावडी उचलून कामाला लागले.

काल नाल्यात वाळूच्या पिशव्या उतरवत होतो. एकीचं तोंड उसवलं आणि वाळू भसाभसा पाण्यात गेली. उतरवणारा सवयीनं म्हणाला, "देवरावची..." आणि माझ्याकडे बघून थांबला.

"बोल," मी म्हणालो. "पुरं बोल."

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. मग म्हणाला, "मनोहर सायबाची शिवण."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. मी तिथेच उभा राहिलो. एवढ्याला भ्यालो होतो मी. तुम्ही असतात तर सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच हसला असतात, आणि दोरा घेऊन माझा हात ओढला असतात. मी पिशवी जवळ घेतली, खाली बसलो, लोंबणाऱ्या लाल दोऱ्याचं टोक शेवटच्या उरलेल्या फासातून ओवलं. दोन वेढे, एक उलटा. त्यातून टोक नेमकं कसं न्यायचं ते आठवेना. रिकाम्या पिशवीच्या तोंडाशी तो लाल दोरा धरून मी बराच वेळ बसून होतो, आणि पुढचं सांगायला कोणी नव्हतं.